वाणाचं बी उगवलं नाही, दिलेली काडी लागली नाही: चूक नेमकी कुठे झाली ते कसं शोधायचं

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्लास्टिकच्या डब्यांऐवजी बियांच्या पुड्या लुटल्या. नाशिकच्या इंदिरानगरातली आमची गच्ची लहान आहे, पण दोडका, वाल आणि लवंगी मिरची दरवर्षी घरापुरती येते. त्यातलंच बी धरून, वाळवून, जुन्या दिनदर्शिकेच्या पानांच्या चाळीसेक पुड्या केल्या होत्या. सगळ्या जणी आनंदाने घेऊन गेल्या. जुलैपासून फोन यायला लागले. एक म्हणाली, "ताई, मिरची काही उगवलीच नाही." दुसरीचा वाल मार्चमध्येच गच्चीभर पसरला, पण शेंग एक नाही. एका काकूंचा दोडका कडू निघाला, केलेली भाजी टाकावी लागली. आणि सगळ्यांचा शेरा एकच: बी खराब होतं.

मला ते फार लागलं. माझ्याकडे त्याच बरणीतली मिरची शिल्लक होती. दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवले, बाराव्या दिवशी आठांना मोड आले. म्हणजे बी जिवंत होतं. मग एकेकीला विचारत गेले. मिरचीची पुडी पाच महिने गॅसच्या वरच्या फळीवर, वाफेत होती. वाल संक्रांतीनंतर लगेच पेरला होता. आणि कडू दोडक्याचा दोष पूर्ण माझा होता, तो पुढे सांगते. तीन तक्रारी, तीन कारणं, आणि "बी खराब" या दोन शब्दांत तिन्ही झाकली गेली होती.

तेव्हापासून आमच्या मैत्रिणींच्या गटातल्या बी-काड्यांच्या देवघेवीत कुणाचं काही फसलं की मी ते कुठल्या टप्प्यावर फसलं हे आधी शोधते. त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी दहा दाणे

मिळालेलं सगळं बी एकदम कधीच पेरू नका. दहा दाणे मोजून काढा. जुन्या सुती साडीचा वीतभर तुकडा भिजवून घट्ट पिळा. हातात धरला तर पाणी ठिबकता कामा नये. दाणे एकमेकांना चिकटणार नाहीत असे मांडा, फडकं गुंडाळा, झाकणाच्या डब्यात घालून स्वयंपाकघरात उबेला ठेवा. रोज एकदा झाकण उघडून वारा लागू द्या. वाल, घेवडा, भेंडी, दोडका, दुधी यांना साधारण चार ते आठ दिवस लागतात. टोमॅटो आणि वांग्याला सात ते दहा. मिरचीला मात्र दोन आठवडे धीर धरावा लागतो, आणि पुष्कळ जण सातव्या दिवशीच फडकं टाकून देतात. सोयाबीनचे शेतकरी पेरणीआधी गोणपाटावर शंभर दाणे ठेवून हेच करतात. सत्तर उगवले तर बियाणं पेरणीला योग्य धरतात.

दहापैकी सात-आठ आले तर बियाला दोष देऊ नका, गडबड कुंडीत आहे. चार-पाच आले तर तेच बी दुप्पट पेरा, टाकू नका. एकही आला नाही तरच बियाकडे वळायचं.

पाण्यात टाकून तरंगलेलं बी वाईट आणि बुडालेलं चांगलं, असं बरेच जण सांगतात. मी ती परीक्षा सोडून दिली आहे. नीट वाळलेली दोडक्या-दुधीची बी आतल्या हवेमुळे तरंगते आणि तरीही छान रुजते. चांगलं बी फुकट जातं.

एकही दाणा रुजला नाही

पहिला संशय वयाचा. नाशिककडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: कांद्याचं उळं तो गेल्या वर्षीचं टाकत नाही, कारण कांद्याचं बी वर्षभरात दम सोडतं. पण गच्चीवर पातीसाठी कांदा लावणारे आपण दोन-दोन वर्षांची पुडी प्रेमाने एकमेकांना देतो. भेंडी आणि मिरचीचं बी घरच्या डब्यात साधारण दोन वर्षं चांगलं राहतं, टोमॅटो आणि वांग्याचं तीन-चार, दुधी-भोपळ्यासारख्या वेलांचं कोरडं ठेवलं तर त्याहूनही जास्त. म्हणून पुडीवर साल नसेल तर मी आता देणारीला विचारल्याशिवाय घेत नाही.

दुसरा संशय: बी मुळातच पोचट होतं. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळवून त्याचं बी वाटण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यातली काही उगवतात, नाही असं नाही. पण ती फुलं ऐन बहरात तोडलेली असतात, बी भरलेलंच नसतं. शिवाय बाजारातल्या गच्च पाकळ्यांच्या गोंड्यांत बी धरण्याचं प्रमाणच कमी. नखाने एक काडी मोडून पाहा. काळा भाग चपटा आणि आत पोकळ असेल तर ती नुसती काडी आहे. भरीव लागली आणि आत पांढरा गर दिसला तर ते बी. तुळशीच्या मंजिऱ्यांचंही तसंच. वाळलेली मंजिरी तळहातावर चोळा. मोहरीहून बारीक तपकिरी-काळपट दाणे हातावर पडले तर ठीक. पुष्कळदा नुसता भुसाच पडतो, कारण बी झाडाखालच्या कुंडीत कधीच गळून गेलेलं असतं. अशा रिकाम्या मंजिऱ्यांची पुडी मीही एकीला दिली होती.

भाजीच्या बाबतीत कोवळ्या फळातून काढलेलं बी हा नेहमीचा घोटाळा. खायची भेंडी आणि बियाची भेंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बियाण्यासाठी धरलेली शेंग झाडावरच तपकिरी होऊन तडकायला आली पाहिजे. वांगं पिवळं पडून मऊ झालं पाहिजे. दोडका वेलावरच इतका वाळला पाहिजे, की हलवल्यावर आत बी खुळखुळेल आणि टोकाची टोपी उचकटली की दाणे आपोआप ओघळतील. फ्रीजमधल्या काकडीचं बी धुऊन वाळवलं तर ते दिसायला अगदी बियासारखं दिसतं, म्हणूनच फसवतं.

मग येतं वाळवणं. बी उन्हात खरपूस वाळवलं की टिकतं असा समज आहे, आणि एप्रिलच्या नाशिकमध्ये तोच महागात पडतो. पारा चाळिशीला टेकलेला असताना पत्रा किंवा गच्चीची फरशी त्याहून कितीतरी तापते. त्यावर दुपारभर पसरलेलं ओलं बी आतून मरतं. सावलीत, वारा लागेल अशा जागी, ताटात पातळ पसरून आठ-दहा दिवस ठेवणं चांगलं. फार तर सकाळचं कोवळं ऊन दाखवावं. वाळलं की नाही हे सिन्नरच्या एका काकांनी मला दाताने शिकवलं. वालाचा दाणा दाढेखाली धरायचा. दाताचा वण उमटला तर अजून ओल आहे. कट्‌कन दोन तुकडे झाले तर पुडी बांधायला हरकत नाही. दुधीची बी बोटांनी वाकवून पाहायची: वाकली तर थांबा, मोडली तर भरा. औषध लावलेल्या, गुलाबी-निळ्या रंगाच्या बाजारी बियाला मात्र दात लावायचा नाही. ते बुरशीनाशक असतं. पेरून झाल्यावर हातही धुवायचे.

टोमॅटोचं बी नुसतं धुऊन वाळवू नका. त्याभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो. गर आणि बी थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्या, वर पांढरट साय धरली की चोळून धुवा, मग चिनी मातीच्या बशीत वाळवा. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं.

साठवणीचं गणित सोपं आहे. बियातली ओल एका टक्क्याने कमी झाली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि जागा पाच अंशांनी गार असली तरी तसंच. हळदीकुंकवाला दिलेली पुडी जूनपर्यंत थांबते. म्हणजे मार्च-एप्रिल-मेचा सगळा उन्हाळा आणि मग पहिल्या पावसाची दमट हवा, दोन्ही तिच्या वाट्याला येतात. कागदी पुडी उन्हाळ्यात बरी, पण पावसाळा लागायच्या आत ती घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत गेली पाहिजे. तळाशी कोरडे भाजून गार केलेले मूठभर तांदूळ घाला. बरणी फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. तासाभराने घराच्या उबेला आली की मगच उघडा, नाहीतर आतल्या गार बियावर घाम धरतो. वालाला भुंगे होतात, म्हणून तो खडखडीत वाळवून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवते. ओल असलेला दाणा मात्र फ्रीजरमध्ये मरतो. आजी राखेत घोळवून ठेवायची, भोपळ्याच्या बिया शेणाच्या गोवरीत दाबून भिंतीला थापायची. कोरडं आणि किडीपासून लांब ठेवणं हाच त्यामागचा विचार होता.

आणि याच्या अगदी उलट काही बिया वाळवल्या की मरतात. कढीपत्ता हे त्यातलं आमच्याकडचं कायमचं दुखणं. दरवर्षी कुणीतरी कढीपत्त्याची काळीभोर फळं वाळवून पुडीत घालून आणतं आणि एकही रुजत नाही. पिकलेलं फळ तोडायचं, गर धुऊन टाकायचा आणि त्याच आठवड्यात मातीत लावायचं. जांभूळ, फणस, आंब्याची कोय यांचीही तीच तऱ्हा. लिंबाची बीदेखील ओली असतानाच लावलेली बरी. या बिया पुडीत द्यायच्याच नाहीत. ओल्या कोकोपीटच्या डबीत द्या, किंवा सरळ रोप करून द्या. कढीपत्त्याची फांदी खोचूनही सहसा लागत नाही, पण जुन्या झाडाच्या मुळांतून फुटवे निघतात. मुळाच्या तुकड्यासकट काढलेला तसा फुटवा पावसाळ्यात हमखास धरतो.

फडक्यात मोड आले, कुंडीत काही नाही

इथे बहुतेक वेळा खोली किंवा हंगाम चुकलेला असतो. बी त्याच्या जाडीच्या दुपटी-तिपटीपेक्षा खोल जाऊ नये. तुळस, ऑफिस टाइमची फुलं यांचं धुळीसारखं बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती नाही. त्याला उजेड लागतो. पाणी झारीने घातलं तर ते वाहून कुंडीच्या कडेला जमतं, म्हणून फवाऱ्याने.

भेंडी रात्रभर भिजवली तर चांगली. गोकर्णाच्या बीची एक बाजू पॉलिश पेपरवर हलकी घासून मग भिजवा. वाल आणि घेवडा मात्र दोन-दोन दिवस पाण्यात ठेवू नका, दाणा फुटून कुजतो. आणि मुंग्या! कुंडीतलं बारीक बी दुसऱ्या दिवशी गायब झालं असेल तर बियाला नव्हे, ओट्याच्या कडेने गेलेल्या रांगेला विचारा.

हंगामाचं थोडं विस्ताराने सांगते, कारण नाशिकची हवा पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींच्या अनुभवाशी जुळत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. निफाडचं नाव तर दर थंडीत बातम्यांत असतं. मिरची, वांगी, टोमॅटोच्या बियाला पंचवीस-तीस अंश हवेत. पंधराच्या खाली ते गप्प पडून राहतं आणि ओल्या मातीत कुजतं. भेंडीचंही तेच. ठाण्याच्या बहिणीने जानेवारीत भेंडी लावून काढली म्हणून गंगापूर रोडच्या गच्चीवर ती येईलच असं नाही. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबा.

वालाची गोष्ट वेगळी. तो कधीही उगवतो, पण आपला गावठी वाल फुलतो दिवस लहान व्हायला लागल्यावरच. जून-जुलैत पेरला तर थंडीत शेंगांनी लगडतो. फेब्रुवारीत पेरला तर वाढत्या दिवसांत नुसता पाला वाढवतो. माझ्या मैत्रिणीच्या वेलाला काही झालेलं नव्हतं. तो तिने मेमध्ये उपटून टाकला, तसाच ठेवला असता तर दिवाळीनंतर शेंग दिसली असती. या गावठी वालाचे रंगरूप किती आहेत हे पाहायचं तर आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम पाहावं. गावठी बियाणं राखल्याबद्दल त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. वालासाठी आपणही गच्चीवर एक कोपरा राखावा असं मला मनापासून वाटतं.

रोपं उगवून चार दिवसांनी बुडाशी बारीक होऊन आडवी पडत असतील तर ते रोप कोलमडणं आहे, बुरशीमुळे होतं. ट्रे झाकून ठेवला, कोकोपीट चिंब ठेवलं की येतं. झाकण काढा, माती मोकळी होऊन वाफसा येईपर्यंत पाणी थांबवा, पुढच्या वेळी मातीत ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी मिसळा.

उगवलं, पण भलतंच

बाजारातल्या टोमॅटोचं बी काढून लावलं आणि दोन झाडांना दोन तऱ्हेची फळं आली, अशी तक्रार दर हिवाळ्यात येते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात उतरणारा टोमॅटो जवळजवळ सगळा संकरित वाणांचा असतो. संकरिताचं बी पुढच्या पिढीत आईसारखं निघत नाही, त्यात आजी-आजोबांचे गुण विखुरतात. ढोबळी मिरची आणि पपईच्या बाबतीतही बहुतेकदा हेच. असं बी देऊ नये असं मी म्हणत नाही, पण पुडीवर "बाजारच्या फळातलं" एवढं लिहा. घेणारी मग त्यावर वर्षभराची आशा ठेवणार नाही.

आता माझा कडू दोडका. आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटच्या कुंपणावर पावसाळ्यात एक रानवेल चढतो, कडू दोडक्याचा. त्या वर्षी मी बियासाठी धरलेल्या दोडक्याच्या फुलावर तिकडचं परागण होऊन बसलं. धरलेला दोडका दिसायला आमच्यासारखाच होता, कारण फळ आईचंच असतं. फरक बियात उतरतो आणि पुढच्या वेलावर दिसतो. मला कळायचा काही मार्ग नव्हता, आणि चाळीस घरांत ते बी गेलं.

कुणाचं कुणाशी जुळतं हे माहीत असलं की पुष्कळ भीती जाते. कारल्याशेजारी लावला म्हणून दुधी कडू होत नाही, त्यांचा एकमेकांशी संकर होत नाही. दोडका आणि घोसाळ्याचा मात्र होऊ शकतो. एका जातीचा दुधी दुसऱ्या जातीच्या दुधीशी, रानटी कडू भोपळ्याशी सहज. मिरची तर मधमाश्यांच्या कृपेने कुणाशीही: लवंगीशेजारी शोभेची तिखट मिरची असेल तर पुढच्या वर्षी काय येईल सांगता येत नाही. टोमॅटो, वाटाणा, घेवडा बहुतांशी स्वतःचं स्वतःच परागण करतात, त्यांचं बी निर्धास्त द्यावं. नवशिक्यांनी सुरुवात यांच्यापासूनच करावी.

दोडका-दुधीचं शुद्ध बी धरायचं असेल तर संध्याकाळी पंधरा मिनिटं द्यावी लागतात. दोघांचीही फुलं संध्याकाळी उमलतात. दुपारी चारच्या सुमारास उमलायच्या बेतातली एक मादी कळी शोधा. तिच्या मागे बोटभर इवलं फळ असतं. एक नर कळीही शोधा, जिच्या मागे नुसता देठ असतो. दोन्हींच्या टोकाला दोरा बांधा किंवा केसांची छोटी क्लिप लावा, म्हणजे कीटक आधी शिरणार नाही. तिन्हीसांजेला क्लिपा काढा, नर फूल खुडून पाकळ्या मागे सारा आणि पिवळी पूड मादीच्या मधोमध हलकेच टेकवा. मादीला पुन्हा क्लिप. देठाला लाल लोकर बांधून ठेवा, नाहीतर चुकून तो दोडका भाजीत जातो. आमच्याकडे गेला आहे. मिरचीसाठी याहून सोपं: कळ्या उमलायच्या आधी फांदीवर दागिन्यांची जाळीची पिशवी चढवायची, रोज फांदी थोडी हलवायची आणि मिरच्या धरल्या की पिशवी काढून त्यांना दोरा बांधायचा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. देवघेवीच्या बियातून आलेला दुधी शिजवण्याआधी, किंवा रस काढण्याआधी, टोकाची चकती जिभेला लावून पाहा. कडू लागली तर थुंका आणि फळ फेका. चांगल्या दुधीत मिसळून, साखर घालून, मीठ लावून ते खाऊ नका. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. त्या वेलाचं बीही पुढे द्यायचं नाही.

काडी लागत नाही

ज्या नाशिकला मोगलांनी गुलशनाबाद, म्हणजे बागांचं शहर, म्हटलं तिथे गुलाबाची काडी मागितली आणि दिली जाणारच. आणि सगळ्यात जास्त निराशा गुलाबाचीच होते.

गुलाबात पहिला प्रश्न लागण्याचा नसतोच, काडी कुठून कापली याचा असतो. नर्सरीतला गुलाब डोळा भरून केलेला असतो: खाली दणकट खुंट, वर हवी ती जात. द्राक्षवाल्यांना हे पाठ आहे; ते डॉगरिज नावाच्या खुंटावर थॉमसन जातीचं द्राक्ष भरतात आणि खुंटाला फुटलेला कोंब दिसला की मोडून टाकतात. आपण मात्र गुलाबाच्या बुडातून निघालेली तीच सरळसोट जोमदार फांदी बघून हरखतो आणि कापून मैत्रिणीला देतो. ती झकास लागते, पाच-सहा फूट वाढते, आणि मैत्रीण दोन वर्षं त्या लाल गुलाबाची वाट बघत बसते. बुडाशी जिथे गाठीसारखा फुगवटा दिसतो त्याच्या खालून आलेली फांदी कधीच देऊ नका. नर्सरीच्या मोठ्या फुलांच्या जाती स्वतःच्या मुळांवर तशा अशक्तच राहतात. काडीने द्यायचा तर गावठी गुलाब द्या, तो लागतोही आणि टिकतोही.

काडी पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी हिरवी ना पार लाकूड झालेली. नुकतंच फूल गळून गेलेली फांदी सहसा बरोबर वयाची असते. वीतभर लांबी, तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ. हे नुसतं रीत म्हणून नाही: पानं काढलेल्या जास्वंदीच्या किंवा बोगनवेलीच्या काड्यांची जुडी हातात आली की खालचं टोक कुठलं हे देणारीलाही आठवत नाही, आणि उलटी खोचलेली काडी लागत नाही. तिरकं टोक मातीत, एवढं ठरलं की प्रश्न मिटतो.

काडी कुजली आहे की सुकली आहे हे आधी पाहा, कारण उपाय एकमेकांच्या उलट आहेत. बुडाशी काळी, मऊ, साल निसटते, तर पाणी जास्त झालं. बागेची काळी माती काढा, बारीक वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्या. वरून खाली सुरकुतली, बूड कडक, तर काडीने पानांवाटे पाणी गमावलं. पानं दोनच ठेवा, मोठी असतील तर तीही अर्धी कापा, वरून बुडाचा भाग कापलेली पाण्याची बाटली उपडी घाला आणि सकाळचं ऊनही थेट नको. एप्रिलमध्ये आमच्यातल्या एका मावशींनी मोगऱ्याच्या पंधरा काड्या दिल्या, मी त्या स्कूटीच्या डिकीत ठेवून कॉलेज रोडला दोन कामं उरकली. घरी आले तेव्हा पानं उकडल्यासारखी काळी पडली होती. तेव्हापासून काड्या न्यायच्या तर पानं कमी करून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पायाशी पिशवीत.

गुलाबाच्या काडीला पंधरा दिवसांत कोवळी पालवी येते आणि आपण लगेच मोठ्या कुंडीत हलवतो. ती पालवी काडीतल्या शिदोरीवर आलेली असते, मुळं अजून फुटलेली नसतात. उपटून बघण्याचा मोह टाळा. काडी हलकेच वर ओढल्यावर तिने मातीला धरलं आहे असं जाणवेल, त्यानंतर दोन आठवड्यांनी हलवा. मध आणि दालचिनीने मुळं फुटत नाहीत, फार तर बुरशीला आळा बसतो. मुळं फुटवणारं औषध हवं तर कृषी सेवा केंद्रात मिळणारी रूटिंग पावडर, तीही नखभर.

चाफ्याची फांदी घेतली की लगेच लावायची घाई करू नका. चीक धुऊन सावलीत आठ दिवस आडवी ठेवा, जखम कोरडी होऊन टणक झाली की लावा आणि पहिलं पाणी अगदी थोडं. ओली लावली की कुजते. अडेनियमचंही असंच. मोगरा, जाई, जुई या काडीपेक्षा पावसाळ्यात दाब देऊन सोप्या: खालची फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत मधोमध पुरायची, वर दगड. दीड-दोन महिन्यांनी आईपासून तोडून मुळांसकट देता येते. शेवगा मात्र बारीक काडीने देऊ नका, मनगटाएवढी तीन-चार फुटांची फांदी द्या.

ऑक्टोबर छाटणीनंतर मखमलाबाद, गिरणारे, दिंडोरीकडे बांधावर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात. बागवाल्या दादांना विचारून चार काड्या आणल्या तर लागतात. पण त्यांच्याबरोबर भुरी ही पांढरी बुरशी आणि पिठ्या ढेकूण ही कापसासारखी दिसणारी कीड घरी येऊ शकतात, म्हणून पुढचं वाचा.

नव्या काडीबरोबर जुनी कीड

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या नऊ गच्च्यांवरच्या जास्वंदी एकाच पावसाळ्यात पिठ्या ढेकणाने भरल्या. माग काढला तर सगळ्यांकडे एकाच दुहेरी पिवळ्या जास्वंदीच्या काड्या गेल्या होत्या. पानाच्या बगलेत, डोळ्याच्या खाचेत कापसाचा ठिपका दिसतो न दिसतो, आणि मुंग्या पुढचं काम करतात.

आलेलं प्रत्येक रोप, काडी वीस दिवस इतर झाडांपासून लांब ठेवा. खिडकीची वेगळी कड चालेल, जिन्याचा टप्पा चालेल. भिंगाने पानाखाली बघा. कापूस दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि दोन थेंब भांड्यांचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायची. पानं आखडलेल्या, चुरडा-मुरडा झालेल्या झाडाची काडी घ्यायचीही नाही आणि द्यायचीही नाही. मातीसकट रोप आलं तर मुळं एकदा बघा: टोमॅटो-वांग्याच्या मुळांना मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी आहेत, रोप आणि माती दोन्ही घराबाहेर, कंपोस्टमध्येही नाही.

पुडीवर काय लिहायचं

आता आमच्या गटात कोरी पुडी कुणी घेत नाही. संक्रांतीला फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरता येणारं बी निघतं: भेंडी, दुधी, काकडी, मिरची. वाल, घेवडा आणि पावसाळी बी वटपौर्णिमेच्या आसपास, काड्या आणि दाब पाऊस स्थिरावल्यावर, टोमॅटो गणपतीत. प्रत्येकीने दिलेल्यातले दहा दाणे स्वतःजवळ ठेवायचे, म्हणजे तक्रार आली की दोन्हीकडे एकदम फडक्यात घालून बघता येतं.

या वर्षी पावसाळी बियांबरोबर द्यायच्या माझ्या दोडक्याच्या पुडीवर लिहिलं आहे: "दोडका, गावठी, लांब. आमच्या गच्चीवरचा, क्लिप लावून हाताने परागण केलेला. वेलावर वाळवून डिसेंबरात काढला. दहापैकी नऊ उगवले, १० जानेवारी. जूनच्या पहिल्या पावसानंतर लावा, बोटाच्या एका पेराएवढं खोल. तोपर्यंत काचेच्या बरणीत, गॅसपासून लांब. पहिला दोडका चाखून मग चिरा, आणि कसा निघाला ते मला कळवा."